भडला सोलर पार्क, जोधपूरहून गाडीने: उन्हाला पाच स्टार, तारांना दोन

आधीच सांगतो, हे फिरायचं ठिकाण नाहीये. बायकोला राजस्थान ट्रिप म्हणून नेलं आणि तिसऱ्या दिवशी पॅनेल दाखवायला घेऊन गेलो, त्यावरून घरी अजून ऐकतोय. पण माझा धंदाच सोलापुरात छपरावर सोलर बसवायचा, तीन किलोवॅट, पाच किलोवॅट, कुणी दहाची ऑर्डर दिली की त्या दिवशी घरी आइस्क्रीम, मग 2245 मेगावॅट (एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट) एका जागी कसं दिसतं ते एकदा बघायचंच होतं.

गाडी जोधपूरहून केली, साधारण दोनशे किमी. गाडी चांगली, ड्रायव्हर पण शांत माणूस, फक्त ठरवताना एजंट "आतून दाखवतो" म्हणालेला ते साफ खोटं, परमिशन नसेल तर गेटवरूनच परत. कुंपणाच्या कडेकडेने रस्ता आहे तिथूनच बघायचं. आणि दिसतं हो! 14 हजार एकर आहे, गाडी चालतेय चालतेय आणि पॅनेलच्या ओळी काही संपत नाहीत. फोटो काढायचा नाद मी पाच मिनिटांत सोडला, फोटोत नुसती निळी पट्टी आणि वर आभाळ येतं.

चांगलं काय, तर ऊन. ढग नाहीत, झाडाची सावली नाही, शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीची सावली नाही (माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं त्या टाकीवरून होतात). 2017 ला इथल्याच लिलावात (जी कंपनी सगळ्यात स्वस्त वीज देईल तिला काम) 2 रुपये 44 पैसे युनिट असा दर लागला होता, तेव्हा कोळशाची वीज तीनच्या वर होती, आमच्या लाइनमधले सगळे तोंडात बोट घालून बसले होते.

आता रडगाणं. लोकांना वाटतं जेवढं तापेल तेवढी वीज जास्त, तसं नसतं राव, पॅनेलला ऊन हवं पण गरमी नको, पॅनेल 25 डिग्रीच्या वर तापलं की एकेक डिग्रीला वीज 0.3-0.4 टक्के कमी होत जाते. आणि याच भागातलं फलोदी म्हणजे 2016 च्या मे महिन्यात 51 डिग्री गेलेलं गाव! आम्ही फेब्रुवारीत गेलो म्हणून वाचलो. दुसरी धूळ. चहाला थांबलो तेवढ्यात बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर. मी गिऱ्हाइकाला सांगतो पंधरा दिवसांनी पाइप मारा नि मॉपने पुसा, इथे पाइप मारायला पाणी कुठलं, म्हणून ओळीवरून सरकणारे कोरड्या ब्रशचे रोबोट वापरतात. ते चालताना बघायचे होते, नाही दिसले, रात्रीचे फिरवतात म्हणे.

जेवण फलोदीच्या एका ढाब्यावर, बाजरीची भाकरी नि केर-सांगरीची भाजी, एकदम फर्स्ट क्लास. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तीच झाडं तिकडे सोलरसाठी तोडतायत म्हणून बिकानेरकडे बिश्नोई लोक आंदोलन करतायत. 1730 ला जोधपूरजवळच्या खेजडली गावात याच झाडासाठी 363 जणांनी जीव दिला ती ही माणसं, त्यांना "पडीक जमीन आहे हो" म्हणून समजावणार कोण? पडीक तरी कशी, कुंपणापाशी एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, म्हणाला, "पहले सीधे जाते थे, अब घूम के जाना पड़ता है." घूम के म्हणजे किती विचारलं तर त्याने नुसता हात लांब केला.

पण माझे खरे स्टार कापलेत ते इथली वीज बाहेर नेणाऱ्या तारांचे. तिकडे जैसलमेर-पोखरणच्या बाजूला माळढोक आहे, देशात दीडशेच्या आसपास उरलेत, जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला उशीर होतो. सुप्रीम कोर्टाने 2021 ला तारा जमिनीखाली घ्या म्हटलं, 2024 ला ते सैल केलं. आम्हा सोलापूरकरांना यावर वेगळं काय सांगायचं, नान्नजचं अभयारण्यच माळढोकचं, आणि माळढोक आता जवळपास फक्त बोर्डावर. बरं, या तारा तरी पुरेशा आहेत का, तर तेही नाही. पार्क पटापट उभे राहिले, मोठ्या लाइन मागे राहिल्या, त्यामुळे राजस्थानात भर दुपारी वीज तयार असून बंद ठेवायला सांगतात. आणि संध्याकाळी सात वाजता, जेव्हा अख्खा देश टीव्ही, मिक्सर, पंखे लावतो, तेव्हा हे 14 हजार एकर झोपलेले, बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात येईपर्यंत हे असंच.

जाणार असाल तर पाणी भरपूर न्या, परमिशनचं आधी बघा, आणि येताना फलोदीजवळ खीचनला थांबा, थंडीत तिथे हजारो करकोचे उतरतात. बायकोने तिथेच तिचं रेटिंग दिलं, करकोच्यांना पाच, पॅनेलला एक, नवऱ्याला विचारू नका.