ग्वाल्हेरात छत्री गवत लावावं की पॅपिरस?

घरात पाण्यात उभं राहणारं, हिरव्या काड्यांचं एखादं रोप हवं असं मनात आलं की नर्सरीत दोन नावं पुढे येतात. एक छत्री गवत, ज्याला माळी सरसकट अंब्रेला पाम म्हणतात, आणि दुसरा पॅपिरस. दोन्ही सायपेरस वंशातले, म्हणजे आपल्या लव्हाळ्याचे आणि नागरमोथ्याचे भाऊबंद. दोन्ही मूळचे आफ्रिकेकडच्या उष्ण पट्ट्यातले. निगा विचारली की उत्तरही एकच मिळतं: ऊन द्या, मुळं ओली ठेवा. दमट हवेच्या गावात तेवढं पुरतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास खेळतो, कोरडी लू दिवसभर वाहते आणि जानेवारीत पहाटेचं तापमान 5 अंशांच्याही खाली उतरतं. या दोन टोकांमध्ये ही दोन रोपं अगदी वेगळी वागतात. माझं मत आधीच सांगते: कुंडीत लावायचं असेल तर छत्रीच घ्या. पॅपिरस घ्यावा तो अंगणात हौद असलेल्यांनी.

घेताना नीट बघा

छत्रीच्या काडीच्या टोकाला चपट्या, लांब पात्यांचा घेर असतो, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखा. ही पाती म्हणजे खरं तर फुलोऱ्याखालची पानं. तिची मूळ पानं बुंध्याशी तपकिरी आवरणापुरतीच उरलेली असतात. पॅपिरसच्या टोकाला पाती नसतात, दोऱ्याइतक्या बारीक हिरव्या तंतूंचा मोठा झुबका असतो, आणि काडी बोटांत फिरवली की तीन कडा स्पष्ट लागतात. रोप लहान असताना नर्सरीत छत्रीच पॅपिरस म्हणून हातात दिली जाते, तेव्हा तंतू की पाती एवढं पाहून घ्या.

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. शेफ्लेरा नावाचं जाड, चकचकीत पानांचं झुडूपही अंब्रेला म्हणूनच विकतात. त्याला पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही. सायपेरसची निगा ऐकून ते कोणी पाण्यात ठेवलं तर मुळं कुजून माना टाकतं.

पाणी

निवड खरी इथेच होते. छत्रीला कायम ओल हवी, पण ती पाण्यात बुडालेलीच हवी असा तिचा हट्ट नाही. भोकं असलेली कुंडी एका खोलगट परातीत ठेवली आणि परातीत दोन-तीन बोटं पाणी राहिलं की ती खूश असते. मे महिन्यात सकाळी भरलेली परात संध्याकाळी कोरडी पडते, हे धरूनच चला. नळ एक दिवसाआड येऊ लागला की परातीऐवजी बादलीएवढं खोल, बिनभोकाचं भांडं घ्या आणि कुंडी त्यात उतरवा. शहराला पाणी पुरवणाऱ्या तिघरा धरणाची पातळी खाली गेली की आपल्याकडे ही वेळ येतेच. एखाद दिवस पाणी चुकलं तर छत्रीच्या पात्यांची टोकं करपतात, काड्या वाकतात, पण बुंधा जिवंत राहतो आणि पाणी मिळताच नवे फुटवे येतात. चार दिवस गावाला जाऊन आलात तरी ती सहसा हातची जात नाही.

पॅपिरसचं तसं नाही. नाईलच्या काठी तो उभा असतो तो पाण्यातच. आडवा पसरणारा जाड गड्डा चिखलात आणि वर चार-पाच मीटरपर्यंत जाणाऱ्या काड्या, अशी त्याची ठेवण. एवढ्या उंच काड्यांना आणि त्या झुबक्यांना पाणी पोचवायचं म्हणजे मुळांशी साठा मोठाच लागतो. छोट्या टबात आणखी एक अडचण येते. आपल्या उन्हात काळ्या प्लास्टिकच्या टबातलं पाणी दुपारी हात घालवणार नाही इतकं तापतं आणि त्यात मुळं शिजतात. मूळ जागी वरून कितीही ऊन असलं तरी खाली पाण्याचा मोठा साठा गार असतो. तेवढा गारवा देणारी जागा म्हणजे सिमेंटचा किंवा दगडी हौद. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत असे हौद अजून आहेत, बरेचसे कोरडे आणि अडगळीने भरलेले. तुमच्याकडे तसा एखादा असेल आणि तो साफ करायची तयारी असेल, तर पॅपिरसइतकी त्याची शोभा दुसरं कुठलंच रोप वाढवणार नाही. गड्ड्यावर वीतभर पाणी राहील अशी कुंडी विटांवर टेकवून उतरवायची.

माती दोन्हींना सारखीच: बागेची जड माती, त्यात चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत, वर बोटभर जाडीचा खडीचा थर. नर्सरीवाले हल्ली सगळं कोकोपीटमध्ये देतात. ते पाण्यात तरंगून वर येतं आणि पाणी गढूळ करतं. लावण्याआधी जमेल तेवढं झटकून टाका. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर धरतो आणि टोकं तपकिरी होतात. पावसाळ्यात दोन-तीनदा कुंडीतून भरपूर पावसाचं पाणी वाहू दिलं की क्षार धुऊन जातात.

ऊन आणि लू

छत्रीला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की पुरे. उजेड असलेल्या खिडकीशी घरातही ती राहते, फक्त काड्या जरा लांब आणि लेच्यापेच्या होतात. पश्चिमेच्या भिंतीला मात्र लावू नका. संध्याकाळपर्यंत तापलेली भिंत आणि लू या दोन्हींपुढे तिचं काही चालत नाही. हवा फार कोरडी झाली की पात्यांच्या खाली लाल कोळी धरतो. पाती फिकट, ठिपकेदार दिसू लागली की पहाटे नळीने जोरात पाणी मारून खालची बाजू धुवायची, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पॅपिरसला रोजचं पाच-सहा तासांचं ऊन लागतंच, त्याशिवाय काड्या उंच होत नाहीत. म्हणजे त्याला उघडी जागा हवी, आणि उघड्या जागेत आपल्याकडे मेमध्ये आंधी येते. उंच काडीवर जड झुबका, त्यामुळे एका आंधीत निम्म्या काड्या मोडून पडतात. दोन बाजूंनी भिंत असलेलं, पूर्वेला उघडं अंगण सगळ्यात चांगलं. गच्चीवर पॅपिरस लावण्याच्या भानगडीत पडू नका.

मोडलेली किंवा पिवळी काडी दोन्हींची बुडापासूनच कापायची. अर्धी छाटलेली काडी पुन्हा वाढत नाही, नुसती वाळत जाते.

जानेवारी

थंडीत छत्री पिवळट पडते, वाढ थांबते. कुंडी दक्षिणेकडच्या ओसरीत सरकवली की तिचा हिवाळा निघतो. पॅपिरसला 10 अंशांखाली त्रास सुरू होतो आणि कडाक्याच्या रात्री वरचे झुबके तपकिरी होतात. हौद हलवता येत नाही, तेव्हा त्यातलं पाणी थोडं वाढवा. खोल पाण्याखाली गड्ड्याला थंडी कमी लागते. वाळलेल्या काड्या लगेच कापायची घाई नको. बुंध्यावर त्यांचा आडोसा राहतो, म्हणून फेब्रुवारीअखेर थंडी सरली की कापा. त्यानंतर गड्ड्यातून फुटवे वर येताना दिसतील. दोन महिने हौद ओकाबोका दिसणार, हे आधीच मान्य असू द्या.

एकाची दहा

इथे छत्री फारच पुढे आहे, आणि मला तिचं हे सगळ्यात आवडतं. पावसाळ्यात एक निरोगी काडी निवडा. टोकाच्या घेराखाली दोन बोटं दांडा राहील अशी कापा. सगळी पाती कात्रीने निम्मी करा म्हणजे पाणी उडून जाणं कमी होतं. आता हा घेर वाडग्यातल्या पाण्यात उलटा ठेवा, दांडा वर, पाती खाली. वाडगा उजेडात असावा, उन्हात नको. दोन-तीन आठवड्यांत पाती जिथे एकत्र येतात त्या मधल्या गाठीतून पांढरी मुळं लोंबू लागतात आणि त्यांच्या जोडीला सुईच्या टोकासारखे हिरवे कोंब वर निघतात. कोंब बोटभर झाले की गाठ ओल्या मातीत अर्धी पुरायची. मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही, कारण सगळं काचेच्या वाडग्यात डोळ्यांसमोर घडतं.

पॅपिरस वाढवायचा तर गड्डा फोडूनच. मार्चमध्ये कुंडी बाहेर काढा, धारदार सुरीने गड्ड्याचे असे तुकडे करा की प्रत्येकाला दोन-तीन फुटवे आणि मुळं राहतील. काम चिखलाचं आणि ताकदीचं आहे. दर एक-दोन वर्षांनी ते करावंच लागतं, नाहीतर मुळं कुंडी फोडतात.

हौद नाही, पण तंतूंचा झुबकाच हवा असेल तर मिनी पॅपिरस म्हणजे सायपेरस प्रोलिफर बघा. दोन-अडीच फुटांवर थांबतो, तोंडाने रुंद मातीच्या माठात छान दिसतो आणि त्याची टोकं पाण्यावर झुकली की तिथेच नवी रोपं धरतात. थंडीला मात्र तोही नाजूक, जानेवारीत घरात घ्यावा लागतो. पांढऱ्या चांदणीसारख्या पानांचं स्टार ग्रासही हल्ली मिळतं. ते दिसायला सुरेख असलं तरी एक दिवसही कोरडं राहिलेलं त्याला चालत नाही, म्हणून पहिलं रोप म्हणून नको.

डासांचा प्रश्न दोन्हींत आहे आणि तो मनावर घ्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. परात आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली की साखळी तुटते. हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा, आणि मासे असतील तर पाण्यात रासायनिक खत किंवा कीटकनाशक टाकू नका. घरात मांजर असेल तर छत्रीची कोवळी पाती ती चावणारच. कुंडी उंचावर ठेवा.

खरेदी मार्चमध्ये किंवा पहिल्या पावसानंतर करा. हिवाळ्यात भरणाऱ्या ग्वाल्हेर मेळ्याच्या दिवसांत रोपं घ्यायचा मोह होतो, पण कुठल्यातरी उबदार गावाहून आलेला पॅपिरस ऐन कडाक्यात हौदात उतरवला तर तो सावरणं कठीण. छत्रीचं जास्तीचं रोप शेजाऱ्यांना द्या, नाहीतर वाळवून खतात टाका. शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखा नदीत किंवा उघड्या नाल्यात फेकू नका. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी ठिकाणी बागेतून निसटलेली हीच छत्री ओढ्यांच्या काठाने माजली आहे, आणि एकदा ती तिथे रुजली की उपटून संपत नाही.