फोनच्या मोठ्या अपडेटनंतरचे काही महिने – स्क्रीन रीडर वापरणारीचा अनुभव

फोनच्या सिस्टिमचं मोठं अपडेट टाकून आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाहीये कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच होतं आणि नाव घेतलं की कुठला फोन भारी यावरच गाडी जाते. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, फोनवरचं सगळं काम स्क्रीन रीडरवरच, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

आधी चांगलं सांगते. कोणी फोटो पाठवला की त्यात काय आहे ते आता बऱ्यापैकी नीट सांगतो, छापील कागद कॅमेऱ्यासमोर धरला तर मजकूर आधीपेक्षा पटकन वाचतो. हे रोज कामाला येतं, त्यामुळे अपडेट वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण सुरुवातच वाईट झाली. इन्स्टॉल होऊन फोन रिस्टार्ट झाला आणि बोलायला लागला तो इंग्रजीत. रिस्टार्टनंतर पहिल्यांदा अनलॉक करेपर्यंत डाउनलोड केलेले आवाज काही वेळा लोड होत नाहीत हे माहीत होतं म्हणून शांतपणे पिन टाकला, तर मराठी आवाज यादीतूनच गायब. आता इंग्रजी आवाजाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणजे मेसेज आला की वेळ सांगतो, "अनरीड" सांगतो आणि मधला मजकूर येतो तिथे नुसती शांतता, कॉन्टॅक्ट मराठीत सेव्ह केलेले असतील तर फोन कोणाचा येतोय तेही कळत नाही. आवाज परत डाउनलोड करायचा तर सेटिंग्जमध्ये जायला हवं आणि नेमकी तिथलीच मांडणी बदललेली. डोळस माणसाला अपडेटनंतर आयकॉन बदललेला दिसतो, चार दिवस कुरकुर होते आणि सवय होते. आमचा आवाज गेला तर आमची स्क्रीनच गेली, ही गोष्ट अपडेट तपासणाऱ्यांच्या डोक्यात का शिरत नाही हे मला खरंच समजत नाही.

आवाजाचं एकदा निस्तरलं की संपलं, फोकसचं, म्हणजे स्क्रीन रीडर यादीत ज्या जागेवर असतो त्या जागेचं, तसं नाही, तो रोजचा छळ आहे. मेसेजच्या यादीत स्वाइप करत करत खाली जायचं, एक मेसेज उघडून वाचायचा, बॅक केलं की फोकस त्याच मेसेजवर यायला पाहिजे, आधी येत होता. अपडेटनंतर तो थेट यादीच्या वर सर्चच्या चौकटीवर जाऊन बसतो, म्हणजे परत पहिल्यापासून स्वाइप, परत तेच ऐका. दोनचार मेसेज असतील तर ठीक आहे, पण ऑफिसचा इनबॉक्स असा वाचून बघा. मधे एक छोटं अपडेट आलं त्यात काही ॲपमध्ये हे सुधारलं, मेलमध्ये अजून तसंच आहे.

आणि सगळ्यात जास्त घाबरवलं पैशाच्या ॲपने. पिनच्या कीपॅडवर बोट फिरवलं की एक, दोन, तीन असं ऐकू यायचं, ते अपडेटनंतर फक्त "बटन, बटन, बटन". स्क्रीन रीडर सहसा स्क्रीनचं चित्र बघून आकडा ओळखत नाही, ॲप सिस्टिमला सांगतं की हे बटण आहे, त्याचं नाव अमुक, ते दाबलेलं आहे की नाही, आणि ती माहिती स्क्रीन रीडर बोलतो. मधला एखादा दुवा बदलला की नाव हरवतं, बटण मात्र जागच्या जागी असतं, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं व्यवस्थितच दिसतं. तक्रार केली तर ॲपवाले म्हणाले सिस्टिमचा प्रॉब्लेम, सिस्टिमवाले म्हणाले ॲपवाल्यांना कळवा. मधल्या काळात माझे स्वतःचे पैसे भरायला मला दुसऱ्याला पिन सांगावा लागला असता. तो मी सांगितला नाही, वेबसाइटवरून कामं केली, पण हा पर्याय प्रत्येकाकडे असतोच असं नाही ना. शेवटी ॲपचंच नवीन व्हर्जन आलं आणि आकडे परत बोलायला लागले.

तक्रारीबद्दल एक सांगते, "चालत नाही" एवढंच लिहिलं तर ती कुठे जाते देव जाणे. सिस्टिमचं व्हर्जन, स्क्रीन रीडरचं व्हर्जन, कुठल्या स्क्रीनवर कुठला जेस्चर केला (बोटं कशी फिरवली), काय बोलायला हवं होतं आणि काय बोललं, असं ओळीने लिहिलं तेव्हाच मला समोरून नीट उत्तर आलं.

अपडेटच्या बाबतीत एनव्हीडीएवाल्यांची पद्धत मला आवडते. 2006 मध्ये मायकल करन यांनी सुरू केलेला हा विंडोजचा फुकट स्क्रीन रीडर, त्यात वर्षाचं पहिलं व्हर्जन, म्हणजे 2024.1, 2025.1 वगैरे, आलं की जुने ॲड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी) चालेनासे होऊ शकतात, पण ते आधीच जाहीर असतं आणि इन्स्टॉल करताना कुठले ॲड-ऑन बंद पडणार तेही सांगतो. बदल करा की, पण आधी सांगा, एवढंच तर मागतोय.

मोठं अपडेट टाकायच्या आधी बंद पडलेला स्क्रीन रीडर परत चालू करायचा शॉर्टकट चालू आहे का ते तपासून घ्या. टॉकबॅकला (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) दोन्ही व्हॉल्यूम बटणं काही सेकंद दाबून धरायची, व्हॉइसओव्हरला (आयफोनचा) बाजूचं किंवा होम बटण तीनदा दाबायचं, आणि दोन्ही आधी सेटिंग्जमध्ये ऑन असायला लागतं. अँड्रॉइडवर ईस्पीक हे मजकूर बोलून दाखवणारं ॲप टाकून ठेवा, आवाज यांत्रिक आहे पण मराठी वाचतो, अडीनडीला पुरतो. लॅपटॉपसाठी पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) कॉपी असू द्या, फक्त ती लॉगिनच्या स्क्रीनवर बोलत नाही, तिथे विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू करायचा. आयफोनवाल्यांनी ॲपलव्हिस या दृष्टिहीन ॲपल वापरणाऱ्यांच्या वेबसाइटवर आधी एक नजर टाकावी, मोठं व्हर्जन आलं की व्हॉइसओव्हरचे नवे बग कुठले आणि सुटलेले कुठले ते तिथे लिहिलेलं असतं.

अपडेट कायमचं टाळा असं मी सांगणार नाही, जुन्या व्हर्जनवर काही ॲप चालायचीच बंद होतात. सिक्युरिटी पॅच मी लगेच टाकते. मोठं व्हर्जन मात्र त्याच्यामागून एकदोन छोटी अपडेट आल्याशिवाय आता टाकणार नाही. मेलमधल्या त्या फोकसवर कोणाला काही उपाय सापडला असेल तर प्लीज सांगा, फोल्डर बदलून बघितलं, ॲप काढून परत टाकून बघितलं, फरक पडला नाही.