चाफा घेतला, पण कोणता?

पाऊस सुरू झाला की सांगली-मिरजेच्या गल्ल्यांतून रोपांचे टेम्पो फिरायला लागतात. ‘चाफा घ्या, चाफा!’ कोणता चाफा, तर गिऱ्हाईकाच्या मनात असेल तो. पैसे बुडतात ते इथंच. नाव सोडलं तर या झाडांचं आपसात जवळचं नातं नाही. पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, आणि सोनचाफ्याचं कूळ तिसरंच.

फूल नसलेलं रोप ओळखायचं तर आधी पान खुडा. पांढरा चीक टपकला की तो पांढरा चाफा. लाल-गुलाबी फुलांचाही त्यातलाच. चीक नसेल तर कोवळी फांदी डोळ्यांजवळ धरा. सोनचाफ्याच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी फांदीभोवती बारीक गोल वळ असतो. कोंबावरची टोपी गळून पडते, तिची ती खूण. वळ दिसला नाही तर सोनचाफ्याचे पैसे मोजू नका.

वळ दिसला तरी काम अर्धंच झालं. बियांवरचा सोनचाफा फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतो, कलमी दोन-तीन वर्षांत फुलतो. म्हणून बियांचंच रोप कलमाच्या भावात खपवतात, खोडाला नुसती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून. ती सोडायला लावा. खऱ्या कलमावर जोडाची गाठ, तिरका व्रण आणि वरच्या-खालच्या सालीत फरक दिसतो. पट्टीखाली सरळ गुळगुळीत खोड निघालं तर ते बियांचं रोप. ‘पट्टी काढली तर कलम मरेल’ हे ठरलेलं उत्तर. विकण्याजोगं तयार झालेलं कलम पट्टी काढल्यानं मरत नाही.

‘हिमालयातलं ब्रह्मकमळ’ हा तर उघड बनाव. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ, सॉसुरिया ऑबव्हॅलाटा, 3000 मीटरच्या वर वाढतं. आपलं महाबळेश्वर 1500 सुद्धा भरत नाही. आपल्या कुंडीत रात्री फुलतं ते एपिफायलम, मेक्सिकोकडचं निवडुंग. देखणं आहे, वाद नाही. पण शेजाऱ्यांकडचं एक पान (खरं तर ते चपटं खोडच) दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, चीर सुकली की वाळूमिश्रित मातीत दोन इंच खोचलं तरी ते फुटतं. त्याला शेकड्यांनी पैसे कशाला?

लिलीचा कांदा हातात घेऊन बघा. सुट्या खवल्यांचा, वर कोरडी साल नसलेला असेल तर खरी लिली. जेवणातल्या कांद्यासारखा पापुद्र्याचा असेल तर बहुधा ॲमरिलिस. सांगलीच्या उन्हाळ्याला दुसराच टिकतो, पण भाव पहिल्याचा लावतात. निळ्या गुलाबाच्या बियांचं तर बोलायलाच नको, पाकिटावरचा फोटो रंगवलेला असतो.

पावतीवर नुसता ‘चाफा’ चालवून घेऊ नका. सोनचाफा असेल तर त्याचं शास्त्रीय नाव घालून ‘मॅग्नोलिया चंपाका, कलम’ असं लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर रोप टेम्पोतच राहू द्या.