डीलचा ग्रुप की स्वतःचा ब्लॉग? सीमाभागातून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करू पाहणाऱ्या नवख्या माणसापुढे माझ्या मते दोनच वाटा खऱ्या अर्थाने खुल्या आहेत. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर सवलतींचा ग्रुप काढून त्यात रोज लिंक टाकत राहणे, आणि दुसरी म्हणजे एखादा विषय धरून मराठीत स्वतःचा ब्लॉग लिहिणे व त्यातून वस्तूंच्या लिंक देणे. लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळते, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे धरून मी पुढे लिहितो. दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत आणि आज त्यांपैकी एकीवरच आहे, त्यामुळे माझा कल लपून राहणार नाही. तरीही दुसरी वाट टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही.

तिसऱ्या एका वाटेचा उल्लेख केवळ ती बाजूला सारण्यासाठी करतो. हॉल भाड्याने घेऊन सेमिनार भरवणारी, आधी काही हजारांचा कोर्स विकत घ्या आणि मग तोच कोर्स ओळखीच्यांना विकून कमिशन मिळवा असे सांगणारी मंडळीही आपल्या कामाला अ‍ॅफिलिएट मार्केटिंगच म्हणवतात. अ‍ॅमेझॉन असोसिएट्ससारख्या (अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम) सरळ कार्यक्रमात नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. माणसे जोडण्याबद्दल पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी स्पष्ट मनाई केलेली आहे. जिथे सुरुवातच खिशात हात घालून होते, तिथून नमस्कार करून उठावे.

आता ग्रुपविषयी. त्याचा पहिला गुण असा की पहिला रुपया लवकर दिसतो. आपल्याकडे तालमीचा, गणेशोत्सव मंडळाचा, भिशीचा, भावकीचा असे चार-सहा ग्रुप प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीपासूनच असतात आणि त्यांतली माणसे उचलून नवा ग्रुप भरायला एक संध्याकाळ पुरते. लिहिण्याचे कौशल्य लागत नाही, संकेतस्थळाचा खर्च नाही, आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तर लोक स्वतःहून विचारतात की आज काय स्वस्त आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला सणापुरती चार पैशांची कमाई करायची असेल तर या वाटेइतकी सोपी दुसरी वाट मला माहीत नाही.

अडचण पहिल्यांदा येते ती नियमांची. अ‍ॅमेझॉनच्या अटींनुसार असोसिएटची लिंक ईमेल, एसएमएस, छापील पत्रक अशा मार्गांनी पाठवता येत नाही आणि नोंदणी करताना जी ठिकाणे दाखवली असतील त्यांवरच ती द्यावी लागते; घरच्या-दारच्या बंद ग्रुपला त्यात जागा नाही. म्हणून ग्रुप चालवणारे बहुतेक जण अर्नकरो, क्यूलिंक्स यांसारख्या मध्यस्थांकडे वळतात. अनेक दुकानांच्या लिंक तिथे एकाच जागी बनवून मिळतात, ही सोय खरी आहे, पण मध्यस्थ आपला वाटा ठेवणार हे उघड आहे. ग्राहकाची वस्तू परत करण्याची मुदत संपून दुकानाकडून मंजुरी येईपर्यंत कमिशन प्रलंबित दिसत राहते, आणि त्याला आठवडेच काय, महिनेही लागू शकतात. शिवाय सवलतीचे आयुष्य फार थोडे असते. सकाळी सात वाजता टाकलेला भाव नऊला पाहणाऱ्याला मिळत नाही आणि मग ग्रुपमध्ये पहिला प्रश्न येतो तो आपण थापा मारतो का, असा. हे सगळे मी धरून चाललो असतो. धंदा म्हटला की एवढे आलेच.

ग्रुप सोडायला मला भाग पाडले ते निराळ्याच एका त्रासाने, आणि तो त्रास कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. ग्रुपमधली माणसे आपल्याला ओळखतात, हीच ग्रुपची ताकद आणि तीच त्याची खोड. शहरातल्या अनोळखी माणसाला लिंक पाठवणाऱ्याचा पत्ता ठाऊक नसतो. आपल्याकडे मात्र घर, दार, वडिलांचे नाव आणि संध्याकाळी कुठल्या कट्ट्यावर बसतो हेसुद्धा ठाऊक असते. त्यामुळे विकणारी कंपनी, माल पोहोचवणारी कंपनी आणि लिंक टाकणारा आपण यांतला फरक कुणाच्याही लेखी उरत नाही. लिंक ज्याची, दुकान त्याचे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी ग्रुपमधल्या लिंकवरून मिक्सर मागवला. लहान भांड्याच्या तळाचे रबरी वायसर नीट बसत नव्हते आणि चटणी वाटू लागले की खालून पाणी झिरपून ओट्यावर ओघळ यायचा. काकूंनी कंपनीला फोन केला नाही, अ‍ॅपमध्ये तक्रारही केली नाही. त्या ते भांडे पिशवीत घालून थेट आमच्या घरी आल्या. "लिंक तूच टाकलेलीस ना रे बाळा? मग तूच बघ की आता." त्यांच्या फोनवर वस्तू परत करण्याचा अर्ज मीच भरला, कारणांच्या यादीतून योग्य ते कारण मीच निवडले, भांड्याचे फोटो मीच काढले. माल न्यायला येणाऱ्या मुलाचा कन्नडमध्ये फोन आला तेव्हा त्याला मारुती मंदिराशेजारची गल्ली समजावून सांगितली तीही मीच. तो दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. काकू रोज संध्याकाळी विचारत राहिल्या.

आता यातली गंमत पाहा. वस्तू परत गेली की त्या विक्रीवरचे कमिशन रद्द होते, म्हणजे मी इतका वेळ खर्चून, नम्रपणे बोलून, फोटो काढून जे काम तडीस नेले ते माझेच कमिशन पुसून टाकण्याचे. असे एकदा झाले असते तर शेजारधर्म म्हणून सोडून दिले असते. पण बुटाचा नंबर लहान आला, साडीचा रंग फोटोत वेगळा होता, पंख्याचे एक पाते वाकडे आहे, पैसे परत कधी येणार, असे प्रश्न सेलनंतर येतच राहतात, आणि त्यांतल्या एकालाही नाही म्हणता येत नाही. कारण विचारणारा माणूस उद्या लग्नात आपल्या पंगतीला बसणार असतो. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी अवस्था झाली होती. ज्याचा स्वभाव मुळातच दहा जणांची कामे अंगावर घेण्याचा आहे त्याला कदाचित हे जाचणार नाही. मला जाचले.

ब्लॉगचा वाचक मला ओळखत नाही, आणि माझ्या दृष्टीने ब्लॉगचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. तो काहीतरी शोधत येतो, वाचतो, पटले तर लिंकवर जातो, आणि वस्तू बिघडली तर जिथून घेतली तिथे तक्रार करतो. माझ्याकडे तो फार तर टिप्पणीत येतो आणि त्या टिप्पणीचा उपयोग लेख सुधारायला होतो. लिंकचे आयुष्यही इथे वेगळ्या रीतीने मोजावे लागते. अ‍ॅमेझॉनवर क्लिक केल्यापासून २४ तासांत झालेली खरेदी आपल्या नावे धरली जाते, त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली असेल तर ८९ दिवसांपर्यंत ती ग्राह्य धरतात, आणि वाचकाने त्या वेळात लेखातल्या वस्तूऐवजी चादर घेतली तरी पात्र खरेदीवर कमिशन मिळते. पण लेख स्वतः मात्र हंगामामागून हंगाम वाचला जातो. ग्रुपमधला संदेश दुपारपर्यंत शिळा होतो.

विषय कोणता घ्यावा, यावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक जण इथेच मोबाइलच्या मागे धावतात. मोबाइलवरचा कमिशनचा दर अगदी अल्प असतो आणि त्यावर मोठमोठी संकेतस्थळे आधीच बसलेली आहेत. आपल्या भागातल्या माणसाला जे खरोखर ठाऊक आहे त्यावर लिहावे. माझ्या अनुभवात पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपावरचा लेख इतर कोणत्याही लेखापेक्षा अधिक चालला. टाकी १६ लिटरची की २० लिटरची, बॅटरी बारा बाय आठची (म्हणजे बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तास) की बारा बाय बाराची, हे तर दुकानाच्या पानावरही लिहिलेले असते. चिकोडी-रायबागच्या उसात किंवा निपाणीच्या सोयाबीनमध्ये उतरणाऱ्याला हवे असते ते वेगळेच. भरलेली टाकी पाठीवर घेतल्यावर पट्टा खांद्यात रुततो का, झाकणाच्या आट्या काही दिवसांनी ढिल्या होऊन औषध मानेवर सांडते का, एका चार्जमध्ये शेवटच्या टाकीला दाब पडतो का, आणि नोझल गेले तर ते गावाजवळ मिळते की पुन्हा ऑनलाइनच मागवावे लागते. हे पंप वापरणाऱ्यालाच सांगता येते आणि ते मराठीत लिहिलेले फार थोडे आढळते. सासऱ्यांचा किंवा शेजाऱ्याचा पंप दोन दिवस मागून घेतला तरी लेख होतो.

सीमाभागात राहण्याचा ब्लॉगला एक फायदा आहे, तो ग्रुपला मिळत नाही. ग्रुप आपल्या गावाच्या शिवेशी थांबतो, तर मराठी लेखाचा वाचक कागल, मिरज, पंढरपूर, कुठूनही येतो आणि लिहिणारा कर्नाटकात बसला आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. शिवाय आपल्याकडची अनेक मुले कन्नड शाळेत शिकलेली आणि घरी मराठी बोलणारी आहेत. ज्याला दोन्ही भाषांत नीट लिहिता येते त्याने एकच परीक्षण दोन्हींत स्वतंत्रपणे लिहावे, यंत्राने केलेले भाषांतर चिकटवू नये. हा फायदा पुण्यातल्या लेखकाला नाही.

ब्लॉगच्या उण्या बाजू सांगितल्या नाहीत तर तो पक्षपात होईल. पहिली म्हणजे संथपणा. सुरुवातीचे महिने कुणी फिरकत नाही आणि घरचे लोक विचारू लागतात की हा मुलगा रात्रभर काय टंकत बसतो. दुसरी बाब नवख्याला फार महागात पडू शकते. अ‍ॅमेझॉन असोसिएट्समध्ये नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी त्यात धरत नाहीत. म्हणून ब्लॉग काढल्या दिवशीच अर्ज करू नये. दहा-पंधरा लेख होऊ द्यावेत, थोडे वाचक येऊ लागले की मग नाव नोंदवावे. तिसरे म्हणजे लेखात किंमत हाताने लिहायची नसते, कारण ती सतत बदलते आणि कंपनीच्या अटींतही ते बसत नाही. त्याऐवजी वस्तू कोणत्या गटातली, स्वस्तातली की महागातली, एवढे सांगून लिंक द्यावी. आणि बंद झालेल्या वस्तूंच्या लिंक अधूनमधून तपासून बदलत राहाव्या लागतात, हे काम कंटाळवाणे आहे.

यूट्यूबचे काय, असे कुणी विचारेल. ज्याला कॅमेऱ्यासमोर मोकळे बोलता येते त्याने ब्लॉगऐवजी ते करावे. वर्णनात लिंक देता येतात, आणि यूट्यूबचा स्वतःचा शॉपिंग अ‍ॅफिलिएट कार्यक्रमही फ्लिपकार्ट व मिंत्रा यांच्यासह ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात सुरू झाला आहे, मात्र त्यासाठी चॅनेलला यूट्यूबच्या पात्रतेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. फवारणी पंपाचा दाब लिहून सांगण्यापेक्षा दाखवणे केव्हाही चांगले. मला बोलताना अडखळायला होते, म्हणून मी लिहितो.

दोन्ही वाटांना सारख्याच लागू असलेल्या दोन गोष्टी आहेत. लिंकमधून आपल्याला पैसे मिळतात हे वाचकाला ठळकपणे सांगणे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनानुसार आवश्यक आहे आणि ती ओळ लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडवू नये. दुसरी, पॅन क्रमांक सुरुवातीलाच द्यावा. कमिशनवरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे, पण पॅन नसेल तर २० टक्के कापले जातात.

मग कुणी काय निवडावे? येत्या दिवाळीतच पैसे हवे आहेत, लिहिण्याचा कंटाळा आहे आणि लोकांच्या फोनवर परतीचे अर्ज भरून देण्यात कमीपणा वाटत नाही, अशा माणसाने ग्रुप काढला तर मी त्याला अडवणार नाही. ज्याला वर्षभर तरी धीर धरता येतो, एखाद्या विषयाची आतली माहिती आहे आणि ज्याला संध्याकाळी कट्ट्यावर निवांत बसायचे आहे, त्याच्यासाठी मला ब्लॉगच बरा वाटतो. आणि सगळे ऐकूनही ग्रुपच काढायचा असेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर काढू नये. टेलिग्रामवर सार्वजनिक चॅनेल करावे, तिथे फक्त चालवणाऱ्यालाच लिहिता येते आणि सदस्यांना आपला फोन क्रमांक दिसत नाही. चॅनेलला नाव स्वतःचे किंवा गावाचे देऊ नये, आणि गल्लीतल्या काकूंना त्याचा पत्ता लागू देऊ नये.