पिशवीभर बाटल्या पाहणाऱ्या आहारतज्ज्ञ

आहारतज्ज्ञ मॅडमच्या भेटीची वेळ ठरवायला फोन केला तेव्हा एकच सूचना मिळाली. "घरात ज्या गोळ्या, पावडरी, कॅप्सूल घेता, त्या सगळ्या पिशवीत घालून आणा. डॉक्टरांनी दिलेल्याही आणि मनाने घेतलेल्याही." मी अकरा डब्या-बाटल्या घेऊन गेले. माझ्या वर्षभराच्या थकव्याचं उत्तर त्या पिशवीत होतं, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं वय 48. थायरॉइडची गोळी नऊ वर्षांपासून सुरू आहे आणि नोकरी शिफ्टची. वर्षभर अंगात त्राण नव्हतं, केस मुठीमुठीने गळत होते. सुरुवातीला आहारसल्ला देणाऱ्या एका केंद्रात गेले होते. 'होलिस्टिक', म्हणजे समग्र, हा शब्द तिथे दारापासून पावतीपर्यंत सगळीकडे होता. वीस मिनिटांत माझी आयजीजी रक्तचाचणी ठरली (कोणते पदार्थ सोसत नाहीत ते कळतं, असं सांगून केली जाणारी अँटीबॉडींची चाचणी) आणि रिपोर्ट आल्यावर 34 पदार्थ बंद झाले. केसांसाठीच्या कॅप्सूल तिथल्याच काउंटरवर मिळाल्या. मी चालू औषधं कोणती घेते, हे कोणी विचारलं नाही. चार महिन्यांत माझं वजन पाच किलोने उतरलं आणि जेवणाच्या ताटाची भीती बसली. थकवा होता तसाच राहिला.

आयजीजी अँटीबॉडी दिसल्या म्हणजे तो पदार्थ आपण खात आलो आहोत, एवढंच कळतं. युरोप आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्न सोसत नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. हे मला नंतर, या आहारतज्ज्ञ मॅडमकडून कळलं.

त्यांच्याकडची पहिली भेट 75 मिनिटांची होती. कुठल्या शिफ्टला किती वाजता जेवता, झोप सलग लागते का, पाळी कशी आहे, घरी स्वयंपाक कोण करतं, एकटीने जेवता की सोबत असते, हे सगळं त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं. समग्र पोषण म्हणजे काय, ते मला तिथे समजलं. माणसाचा अख्खा दिवस समोर ठेवायचा आणि मगच ताटाकडे वळायचं.

मग त्यांनी बाटल्या एकेक करून वाचायला घेतल्या. केसांच्या कॅप्सूलवर त्यांचं बोट थांबलं. बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व), 10,000 मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 30 पुरतात. त्यांनी माझा ताजा थायरॉइड रिपोर्ट मागितला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडलं की वाढणारा आणि जास्त झालं की उतरणारा आकडा, खाली आला होता आणि गोळीचा डोस कमी करायचं डॉक्टरांशी बोलणं सुरू होतं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचणीतच बायोटिनचा वापर केलेला असतो. रक्तात ते जास्त झालं की टीएसएचचा आकडा खोटा खाली दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. माझा डोस त्या खोट्या आकड्यावरून कमी होणार होता, हे ऐकून मी हादरले.

त्यांनी स्वतः गोळीला हात लावला नाही. माझ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: बायोटिन बंद करून पुन्हा तपासणी करावी. ती केली तेव्हा टीएसएच चक्क 9.2 निघाला. म्हणजे थायरॉइडची गोळी मला पुरतच नव्हती. कारणही पिशवीतच होतं. ती गोळी आणि कॅल्शियम मी सकाळी एकाच घोटाबरोबर घेत होते. कॅल्शियम आतड्यात त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे डॉक्टरांनीही सांगितलं. डोस तोच ठेवून आठ आठवड्यांनी तपासलं तर आकडा 3.1 होता. जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही, हे त्याआधीच माझ्या लक्षात आलं होतं.

बंद केलेले पदार्थ त्यांनी दर आठवड्याला दोन-तीन असे परत सुरू केले. एकाचाही त्रास झाला नाही.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. पहिल्या भेटीसाठी पाच आठवडे थांबावं लागलं. आहाराची नोंद तीन दिवसांची, त्यातला एक सुटीचा, आणि ती काटेकोर लागते. शिफ्टमध्ये मला ते फार जड गेलं. मेसेजला उत्तर दोन-तीन दिवसांनी येतं. छापील डाएट चार्ट हवा असेल तर तो इथे मिळणार नाही.

निवड करताना पाटीवरच्या शब्दाला भुलू नका, हे मी जीव तोडून सांगते. अनेक देशांत 'न्यूट्रिशनिस्ट' हे नाव कोणीही लावू शकतं. 'डायटिशियन'ला मात्र बऱ्याच ठिकाणी ठरावीक शिक्षण आणि नोंदणी लागते. मी फोनवरच त्यांचं शिक्षण आणि नोंदणी विचारली होती, त्यांनी न कुरकुरता सांगितली. तुम्ही स्वतः काही विकता का, हेही विचारलं. "नाही," म्हणाल्या.

तिसऱ्या भेटीत पुढची तारीख मागितली, तर म्हणाल्या, "आता माझी गरज नाही. डॉक्टरांची तपासणी चुकवू नका." तेव्हापासून रक्ततपासणीच्या अर्जावर 'चालू औषधं' या रकान्यात मी सप्लिमेंटही लिहिते, मात्रेसकट.