जुनी डिझेल टाकी काढायची आहे : भंगारवाला बोलवावा की टाकी-सफाईचा ठेकेदार?

विहिरींवर ऑइल इंजिने चालत होती त्या काळात वरुड-काटोलच्या संत्रा पट्ट्यातील आमच्या घराच्या आवारात डिझेलची एक लोखंडी टाकी पुरलेली होती. कृषिपंपाला वीज मिळाल्यावर तिचा उपयोग संपला, टाकी मात्र जमिनीतच राहिली. अशी टाकी ज्यांना काढायची आहे त्यांच्यापुढे साधारणतः दोन पर्याय असतात : गॅस कटर घेऊन येणारा तालुक्याचा भंगारवाला, किंवा पेट्रोल पंपांच्या टाक्या साफ करणारा नागपूर-अमरावतीकडचा ठेकेदार. मी दोघांशीही बोललो आणि काम ठेकेदाराला दिले.

भंगारवाल्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तो निरोप मिळताच येतो, मजुरी मागत नाही, उलट लोखंडाचे वजन करून पैसे हातावर ठेवतो. ठेकेदार एवढ्याशा कामासाठी सहजी निघत नाही, जवळपासच्या दुसऱ्या कामाला जोडून तारीख देतो आणि हायड्राचे, म्हणजे टाकी उचलणाऱ्या क्रेनचे, येण्याजाण्याचे भाडेही बिलात लावतो. केवळ खर्च पाहायचा असेल तर तुलना इथेच संपते.

माझा कौल फिरला तो टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळामुळे. झाकण उघडून बांबू आत घातला, तेव्हा टोकाला वीतभर काळा लगदा आणि त्यात गंजाचे पापुद्रे चिकटून आले. याचे काय करणार, असे भंगारवाल्याला विचारले असता, खड्ड्यातच ओतून वर माती लोटून देऊ, असे तो म्हणाला. मी नकार दिल्यावर त्याने नाल्याकडे बोट दाखवले. आमची पिण्याच्या पाण्याची विहीर त्या खड्ड्याला लागूनच म्हणावी इतकी जवळ आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतूनच खाली उतरते. त्यासोबत डिझेल उतरले, तर पाण्याला लागलेला वास कितीही उपसा केला तरी लवकर जात नाही. ठेकेदाराने हा विषय मी न विचारता स्वतःच काढला. गाळ ड्रममध्ये भरून घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याचा खर्च त्याच्या दरपत्रकात वेगळा लिहिलेला होता. टाकी वर आल्यावर त्याच्या माणसाने खड्ड्याच्या तळाची माती मुठीत घेऊन हुंगली, वास येणारी तेवढी बाजूला काढली आणि मगच मुरूम भरायला घेतला.

कटरचाही विचार करावा. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असे गावात सगळेच म्हणतात. परंतु भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंश, किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच ठरवलेला आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. ठेकेदाराच्या माणसांनी ब्लोअरने आतली वाफ बाहेर काढली, मीटर लावून खात्री केली आणि त्यानंतरच पत्रा कापला. गंज चढताना ऑक्सिजन वापरला जातो, म्हणून बंद टाकीत त्यांनी कुणालाही तसेच उतरू दिले नाही. सर्वच भंगारवाले निष्काळजी असतात असे मी म्हणणार नाही, पण मला भेटलेल्याकडे यातले काहीच नव्हते.

टाकी घराच्या पायाखाली गेली असेल तर ती न काढता रेतीने भरून टाकता येते. सफाई मात्र तेव्हाही चुकत नाही. १००० लिटरहून मोठ्या टाकीत डिझेल साठवण्यास परवाना लागतो, तेव्हा घरात जुना परवाना सापडल्यास पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नागपूर कार्यालयात आधी चौकशी करावी.

टाकी जमिनीच्या वर असेल, आतून कोरडी असेल आणि जवळ विहीर नसेल, तर जाणकार भंगारवाला पुरेसा ठरू शकेल. एरवी माझे मत ठेकेदाराकडेच झुकते. गाळ कुठे जाणार आणि खड्डा कशाने भरणार, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे व तारीख होळीनंतरची, पण मृगाच्या बरीच आधीची मागावी, कारण काळी माती एकदा भिजली की हायड्रा आवारात शिरूच शकत नाही.