पणजीतला शनिवारचा क्वांटम क्लास: फी वसूल, पण नोट्स जरा सांभाळून

आल्तिनो टेकडीवर एक रिटायर्ड सर शनिवारी दुपारी क्वांटम इन्फर्मेशन शिकवतात, एमेस्सीवाल्यांसाठी. नाव टाकत नाही कारण खाली थोडं टोचून लिहिलंय.

यंदाचा विषय कोहेरन्स (एकाच वेळी अनेक अवस्थांत असण्याचा गुण) आणि एन्टँगलमेंट (दोन कण असे गुंतलेले की एकेकट्याचं वर्णन पुरत नाही), दोन्ही रिसोर्स म्हणून, म्हणजे वापरून काम काढायची पुंजी म्हणून. यूट्यूबवर दोन्हींचे व्हिडिओ ढीगभर आहेत पण एकातून दुसरं कसं निघतं ते धड कोणी सांगत नाही, सगळे श्रोडिंगरच्या त्या मांजरातच अडकलेत. सरांनी थेट फळ्यावर गणित मांडलं. एक क्यूबिट (क्वांटम बिट) घ्या, प्युअर सुपरपोझिशन (शून्य आणि एक दोन्ही एकत्र), मोजला तर शून्य यायची शक्यता ९० टक्के आणि एक यायची १०, त्याचा रिलेटिव्ह एन्ट्रॉपीने (कोहेरन्स मोजायचं एक माप) काढलेला कोहेरन्स साधारण ०.४७ बिट. आता शेजारी शून्यातला दुसरा क्यूबिट ठेवून सीनॉट गेट (पहिला एक असेल तरच दुसरा उलटवणारं) लावा. हे गेट स्वतः कोहेरन्स तयार करत नाही, एका बेसिस स्टेटवरून (मोजमापासाठी ठरवलेल्या मूळ अवस्थांपैकी एक, इथे शून्य-एकच्या जोड्या) दुसऱ्यावर नेतं, बस. तरी एन्टँगलमेंट मोजलं तर तेही ०.४७! म्हणजे गाठीला होतं तेवढंच बाहेर पडलं, वर एक पैसा नाही. स्ट्रेल्टसोव्ह वगैरेंचा २०१५ चा पेपर (लेखकांत अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेतलेही आहेत) हेच सरसकट सिद्ध करतो: अशा इनकोहेरंट (स्वतः कोहेरन्स तयार न करणाऱ्या) ऑपरेशनने एन्टँगलमेंट सुरुवातीच्या कोहेरन्सपेक्षा जास्त निघूच शकत नाही, आणि कोहेरन्स कितीही थोडा असला तरी त्यातून काहीतरी निघतंच. हा एक तास भन्नाट होता, लाइट गेली तरी कोणी उठलं नाही.

आता तक्रार. नोट्समध्ये छापलंय की कोहेरन्स "संपतो". एकेका क्यूबिटची डेन्सिटी मॅट्रिक्स (अवस्थेचा आकड्यांचा तक्ता) काढली तर ऑफ-डायगोनल (कर्णाबाहेरचे आकडे, कोहेरन्स तिथेच दिसतो) खरंच शून्य येतात, तिथवर ठीक. पण दोघांची मिळून मॅट्रिक्स बघा ना, ०.४७ तिथे शाबूत आहे, फक्त आता तो एकट्याकडे सापडत नाही. विचारलं तर सर लगेच हो म्हणाले, नोट्स मात्र तशाच वाटून दिल्या.

बेसिसचा मुद्दाही घाईत गेला आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो, कारण कोहेरन्स बेसिस बदलला की बदलतो, एन्टँगलमेंटला मात्र दोघांनी आपापल्या बाजूने बेसिस फिरवला तरी फरक पडत नाही, मग दोघांची तुलना करताना बेसिस आधी ठरवायलाच लागतो. डिस्कॉर्ड (क्वांटम संबंधाचं आणखी एक माप, २००१ चं, एन्टँगलमेंट नसलेल्या मिक्स्ड स्टेटमध्येही, म्हणजे प्युअर नसलेल्या अवस्थेतही, सापडणारं) शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं, ते न घेतलं असतं तरी चाललं असतं.

फी जास्त वाटते पण बॅच छोटी, शंका विचारता येतात. लिनियर अल्जेब्रा कच्चं असेल तर आधी तेवढं करून या. फोंड्याहून येणाऱ्यांनी सुटायची वेळ आधीच विचारून ठेवा, सर रंगात आले की घड्याळ बघत नाहीत आणि शेवटची कदंब बस चुकते.